पेलिकन टेरेसवरची मुलगी

रेडमंड, वॉशिंग्टन
६ ऑक्टोबर २०२३

चि. आश्लेषा,

हे पत्र कोणाचं असेल, असा विचार करत तू पाकीट उलटसुलट करून पाहशील. मी तुझी आत्या, शुभा. तुझ्या बाबाची धाकटी बहीण. तू मला शेवटचं पाहिलंस ते नागपूरला, तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि तुझे पुढचे दोन दात पडलेले होते. तुला आठवत असेनच असं नाही.

गेल्या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा सोफ्यावर पडल्या पडल्या टीव्हीवर काहीतरी लावून ठेवायचे. एका दुपारी तुमची ‘पेलिकन टेरेस’ सुरू झाली. तीस-पस्तीस वर्षं चाललेली मालिका, त्यात कोण कोणाचं कोण ते काही कळेना. बंद करणार, तेवढ्यात दार उघडून शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आत आली. तिने दप्तर फेकलं आणि आईकडे पाहून खालचा ओठ आत दुमडला. आश्लेषा, मी उठून बसले. माझी आई, म्हणजे तुझी आजी, रागावली की अगदी असाच ओठ दुमडायची. मग मी शेवटची नावं येईपर्यंत थांबले. जया नायर: आश्लेषा घैसास. घैसास आडनावाची माणसं जगात आहेत तरी किती!

त्या दिवसापासून मी रोज बघते. जुने भागही शोधून पाहिले. तू चौदा वर्षांची होतीस तेव्हापासूनची जया मी पाहिली आहे. तिची सायकल चोरीला गेली तो भाग, ती त्या लायमला ‘नाही’ म्हणते तो भाग, सगळे.

आजी गेली तेव्हा मला नागपूरला येता आलं नाही. इथल्या कागदपत्रांचं काम अर्ध्यावर होतं, देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. तुझ्या बाबाने फोनवर सांगितलं, ‘तू तुझी कागदं सांभाळ.’ त्यानंतर तो बोलला नाही. मी पाठवलेल्या मेसेजना उत्तर आलं नाही. तुम्ही मेलबर्नला गेलात हेसुद्धा मला चुलतभावाकडून कळलं.

तुमच्या घरचा पत्ता मिळवता आला असता. पण घरी पत्र पाठवलं आणि उत्तर आलं नाही, तर त्याचा अर्थ एकच होतो. मालिकेच्या स्टुडिओत पाठवलं आणि उत्तर आलं नाही, तर पत्र पोचलंच नसेल असं म्हणता येईल. म्हणून हा पत्ता.

माझे यजमान, तुझे यतीनकाका, कामासाठी अल्फारेटाला, देशाच्या दुसऱ्या टोकाला असतात, इथे येऊन-जाऊन. तेही तुझी चौकशी करतात.

तू छान काम करतेस.

तुझी,
शुभाआत्या


मेलबर्न
२ नोव्हेंबर २०२३

प्रिय शुभाआत्या,

तुमचं पत्र पोचलं!! फॅन मेलच्या बॉक्समध्ये होतं. मला महिन्याला सात-आठ पत्रं येतात आणि त्यातली निम्मी लायमची चौकशी करायला असतात. तुमचं पत्र मराठीत बघून रिसेप्शनवाली म्हणाली, ‘इज इट अ थ्रेट?’

माझ्या चुकांना हसू नका. मी नागपूरला तिसरीपर्यंत होते, नंतर इथे शनिवारची मराठी शाळा. लिहायला वेळ लागतो, पण सेटवर वेळच वेळ असतो. फोन आत आणू देत नाहीत. एका सीनसाठी दोन दोन तास बसून राहायचं. मोठे अॅक्टर्स शब्दकोडी सोडवतात. मी आता तुम्हाला पत्र लिहिणार.

मला तुम्ही आठवता. तुम्ही मला अंबाझरीच्या तलावावर नेलं होतं आणि मी तुमच्या साडीवर आइस्क्रीम सांडलं. ते तुम्हीच ना? की दुसरं कोणी?

जया तुम्हाला आवडते म्हणून भारी वाटलं. पण ती कुठली आहे ते आम्हाला कोणालाच माहीत नाही. नाव नायर, घरी खातात राजमा, आणि दिवाळीला माझी स्क्रीनवरची आई लोहडीसारखी शेकोटी पेटवते. एकदा मला वाक्य होतं, ‘मम, द सांबार इज बर्निंग!’ आणि मला हसूच आवरेना. आपल्या घरी सांबार म्हणजे कोथिंबीर. माझ्या डोळ्यासमोर कोथिंबिरीची जुडी पेटलेली. सहा टेक झाले. डिरेक्टर चिडला.

माझी स्क्रीनवरची आई म्हणजे प्रीता. ती फिजीची आहे, खूप चांगली आहे. सीन नसला तरी ती माझे केस नीट करते. माझी खरी आई हॉस्पिटलमध्ये शिफ्ट करते, तिची आणि माझी भेट फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांतून होते. बाबा ठीक आहे. त्याला या पत्राचं सांगितलेलं नाही. तुम्ही पण इथेच पाठवा, घरी नको.

यतीनकाकांना हॅलो सांगा.

आश्लेषा


रेडमंड
२० नोव्हेंबर २०२३

चि. आश्लेषा,

आइस्क्रीम सांडलं ते माझ्याच साडीवर. आणि आत्याला ‘तू’ म्हणतात. ‘तुम्ही’ वाचून मला कोणी ऑफिसातलं बोलतंय असं वाटलं.

तुझं पत्र मी बसमध्ये वाचलं. खरं म्हणजे मी घरूनच काम करते, एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायचं. दिवसभर मीटिंगा असतात, पण कोणी कॅमेरा लावत नाही, नुसती नावं दिसतात. पत्र हातात आलं तेव्हा घरात बसून वाचवेना, म्हणून लायब्ररीपर्यंतची बस पकडली आणि जाऊन परत आले. बाहेर पाऊस. इथे आता मार्चपर्यंत पाऊसच.

दिवाळीला इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम झाला. आम्ही दोघांची तिकिटं काढली होती, पण यतीनकाकांची फ्लाइट रद्द झाली. शेजारच्या अस्मिताच्या आईला ते तिकीट दिलं. मी सांबार भरून तळलेली आपली पुडाची वडी करून नेली होती. पुण्याच्या बायकांनी विचारलं, हे समोसे का? तुझी आजी असती तर तिथेच ओठ दुमडला असता.

आजकाल जेवताना जया असते. ती शाळेतून येते आणि मी ताट घेऊन बसते. तिची परीक्षा होती तेव्हा मलाच घास जाईना.

तुझं स्वतःचं लिही. मैत्रिणी कोण, शाळेत काय चाललंय. जयाचं मला रोज कळतं.

तुझी,
शुभाआत्या


मेलबर्न
१८ जानेवारी २०२४

प्रिय आत्या,

मी हे कोणाला सांगायचं नाही असं साइन केलंय. आईबाबांना माहीत आहे, कारण मी अठराची नाही म्हणून त्यांनाही बोलावलं होतं. पण मैत्रिणींना नाही, शाळेत नाही. तू अमेरिकेत आहेस आणि तिथे तू कोणाला सांगशील? म्हणून सांगते.

जया मरणार आहे.

मला वाटलं होतं की आमची फॅमिली दुसऱ्या शहरात जाईल. लोक तसेच जातात, कॅनबेराला वगैरे, आणि मग कधीतरी लग्नाला परत येतात. पण त्यांना मोठा एपिसोड हवाय. ती लायमच्या लहान भावाला वाचवायला समुद्रात जाते. तो वाचतो. मार्चमध्ये शूट आहे, इथे जूनमध्ये दिसेल आणि तिथे त्यानंतर दोन आठवड्यांनी.

प्रोड्यूसर खूप गोड बोलला. ‘यू आर गोइंग आउट अ हीरो.’ बाबा म्हणाला, बरं झालं, आता बारावीचा अभ्यास होईल. आई म्हणाली, राजा, तो फक्त रोल आहे. मी पण हो म्हटलं.

तू विचारलं होतंस मैत्रिणी कोण. आत्या, खरं सांगू का? शाळेत मी अर्धे दिवस नसते. ज्या मुली बोलतात त्या शोबद्दल बोलतात. माझ्या सगळ्यात जवळची मैत्रीण जयाची मैत्रीण आहे. ती बेक्स. आणि बेक्स करणारी मुलगी चोवीस वर्षांची आहे, तिला बॉयफ्रेंड आहे, कट म्हटलं की ती गाडीत बसून जाते.

प्रीताला अजून सांगितलेलं नाही त्यांनी. ती काल माझे केस विंचरत होती आणि म्हणाली, या वर्षी शाळेच्या निरोपाच्या पार्टीला, फॉर्मलला, तुझा ड्रेस आपण दोघी घेऊ.

आश्लेषा


रेडमंड
६ फेब्रुवारी २०२४

चि. आश्लेषा,

कोणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही.

तू ‘तो फक्त रोल आहे’ याला हो म्हणालीस, मी म्हणणार नाही. चौदा ते सतरा ही वर्षं तू त्या घरात राहिलीस. तिथल्या स्वयंपाकघरात तुझी उंची वाढली, मी स्वतः पाहिली आहे. जुन्या भागात तुझा हात वरच्या फळीला पोचत नाही, आता पोचतो. घर सुटलं की माणसाला वाईट वाटतं. ते घर पुठ्ठ्याचं असलं म्हणून काय झालं?

आता रोज दुपारी जया दिसते आणि मला पुढचं माहीत असतं. काल ती आईला म्हणाली, ‘कॉलेजला गेले की तुला रोज फोन करीन.’ मी टीव्हीला म्हटलं, असं नको ग बोलूस. घरात मोठ्याने बोलायची सवय गेली आहे, माझाच आवाज मला दचकवून गेला.

शूटिंग संपलं की थोडे दिवस कुठेतरी जाऊन ये. जागा बदलली की बरं वाटतं. इथेही ये कधीतरी. उन्हाळ्यात रेडमंड फार सुंदर असतं, रात्री नऊपर्यंत उजेड.

पोहण्याचा सीन जपून कर. पाणी थंड असेल.

तुझी,
शुभाआत्या


मेलबर्न
२३ मार्च २०२४

प्रिय आत्या,

झालं. पाणी खरंच थंड होतं. आत वेटसूट होता, शिवाय दोन डायव्हर्स होते, काळजी करू नकोस. मला एकूण अकरा वेळा बुडवलं. शेवटच्या वेळी वर आले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कोणीतरी केक आणला. केकवर जयाचं नाव होतं.

पण मला दुसरं सांगायचंय. फ्युनरलच्या सीनसाठी रायटरने मला विचारलं, तुमच्यात काय करतात? मला काहीच माहीत नव्हतं. म्हणून मी बाबाला विचारलं. मला वाटलं, तो म्हणेल गूगल कर. तो गाडी चालवत होता. त्याने गाडी एका पार्किंगमध्ये थांबवली आणि तासभर बोलला.

आजीचं सगळं त्याने सांगितलं. तिला आंघोळ घालणाऱ्या बायकांत तिची मुलगी नव्हती, म्हणून एका शेजारणीने तिची वेणी घातली आणि ती वेणी चुकीच्या बाजूला आली. घाटावरून सगळे गेल्यावर तो घरी आला आणि तुझ्या खोलीत जाऊन बसला. लोक त्याला घरभर शोधत होते. आत्या, तो रागावून बोलत नव्हता. तो खूप हळू बोलत होता.

मग मी सांगून टाकलं की तू मला लिहितेस. त्याने गाडी सुरू केली. घरापाशी आल्यावर म्हणाला, ‘तिचा गुडघा कसा आहे?’ म्हणजे तुझं ऑपरेशन त्याला माहीत होतं! कसं, ते सांगितलं नाही. पत्राच्या खाली घरचा पत्ता लिहिलाय. आता घरीच पाठव.

शोमध्ये त्यांनी यातलं काही घेतलं नाही. सतार वाजते आणि सगळे पाण्यात झेंडू सोडतात.

आणि मोठी गोष्ट. मी जुलैमध्ये तुझ्याकडे येऊ? आमची तेव्हा दोन आठवडे सुट्टी असते. तिकीट माझ्या पैशांतून. आई हो म्हणाली, बाबा नाही म्हणाला नाही. मला यतीनकाकांना भेटायचंय, तुझं घर बघायचंय. नऊपर्यंत उजेड असतो ना? मी सगळी कामं करीन, भांडीसुद्धा.

लवकर सांग!!

आश्लेषा


रेडमंड
१५ एप्रिल २०२४

चि. आश्लेषा,

पत्र मिळालं. तू नीट आहेस हे वाचून बरं वाटलं.

जुलैचं मात्र जमेलसं वाटत नाही. ऑफिसात मोठं काम निघालं आहे आणि यतीनकाकांचंही येणं-जाणं नक्की नाही. घरात थोडी दुरुस्तीही काढायची आहे. तुला एवढ्या लांब बोलावून घरात नुसतं बसवून ठेवणं बरं नाही. शिवाय तुझं बारावीचं वर्ष. पुढे कधीतरी सवडीने बघू.

अभ्यास कर. तब्येतीला जप. बाबाला सांग, गुडघा ठीक आहे.

शुभाआत्या


मेलबर्न
४ मे २०२४

आत्या,

ओके. मला समजलं.

तू रोज बघायचीस ती जया होती. तिच्यासोबत तू जेवायचीस. ती आता नाही, आणि मी तशी नाहीये. मी घरी आले की दप्तर फेकत नाही, गुपचूप वर जाते. तुला बोअर झालं असतं.

आता पत्रं नको लिहूस प्लीज. मला अभ्यास आहे.

आश्लेषा


रेडमंड
२१ जून २०२४

चि. आश्लेषा,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहिते आहे. तुझं चार ओळींचं पत्र आलं तेव्हापासून रोज कागद घ्यायची आणि ठेवून द्यायची. आज मात्र लिहून संपल्याशिवाय उठणार नाही.

काल तो भाग पाहिला. दुपारचं ऊन होतं, सगळीकडे लख्ख उजेड. जया पाण्यात गेली. तो लहान मुलगा बाहेर आला, लोक धावले, आणि कॅमेरा नुसता पाण्यावर राहिला. मला सगळं माहीत होतं. तू केक खाल्लास हेसुद्धा माहीत होतं. तरी मी टीव्हीपुढे उभी राहून ‘आश्लेषा, आश्लेषा’ अशी हाक मारत होते. जया नाही ग. तुझं नाव.

मग भीती वाटली आणि कोणाशी तरी बोलावंसं वाटलं, तर बोलायला कोणी नव्हतं. हेच तुला सांगायचं आहे. घरात कोणी नाही.

यतीनकाका अल्फारेटाला कामासाठी गेले ते खरं. दर महिन्याला यायचं ठरलं होतं. आधी महिन्याने, मग दोन महिन्यांनी, मग एकदा फोनवर म्हणाले, ‘शुभा, मी इथेच राहतो आता.’ भांडण नाही, काही नाही. मी म्हटलं, ‘बरं.’ याला दोन वर्षं झाली. जानेवारीत कागदांवर सह्याही झाल्या. तुझं जयाचं पत्र आलं त्याच आठवड्यात.

मी हे कोणालाही सांगितलेलं नाही. अस्मिता विचारते, यतीन बऱ्याच दिवसांत दिसला नाही? मी म्हणते, फार काम आहे. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाची मी दोन तिकिटं काढते आणि दर वेळी नवं कारण सांगून एक कोणाला तरी देऊन टाकते. फ्लाइट रद्द झाली नव्हती, आश्लेषा. कोणी येणारच नव्हतं.

मग तू लिहिलंस, यतीनकाकांना भेटायचंय. तू आली असतीस आणि पहिल्याच दिवशी तुला सगळं दिसलं असतं. घरी जाऊन तू बाबाला सांगितलं असतंस. ज्या संसारासाठी मी आईच्या शेवटच्या आजारात इथे थांबले, तो संसारच राहिला नाही, हे दादाला कळलं असतं. ते मला सहन झालं नसतं. म्हणून मी दुरुस्तीचं वगैरे लिहिलं. घरात काहीही दुरुस्तीला आलेलं नाही. एक अख्खी खोली रिकामी आहे.

आणि तुला वाटलं, आत्याला जया आवडत होती. वेडी मुलगी. जयाच्या घरी रोज चार माणसं जेवायला असतात, तिच्याकडे मी का पाहावं? मी आपल्या घरातलं माणूस पाहत होते.

तू वर जाऊन गुपचूप बसत असशील तर बस. पण जेव.

तुझी,
शुभाआत्या


मेलबर्न
१४ जुलै २०२४

शुभा,

तुझं पत्र आश्लेषाने आम्हाला वाचून दाखवलं. मला पत्र लिहायची सवय राहिलेली नाही, सरळ लिहितो.

तो शेवटचा भाग आम्ही तिघांनी एकत्र पाहिला. पद्मिनीने मुद्दाम सुट्टी घेतली होती. बुडायचा सीन मी पाहिला, त्याचं काही वाटलं नाही, कारण पोरगी शेजारीच मांडी घालून बसली होती. मग त्यांनी टेबलावर तिचा फोटो ठेवला आणि त्याला हार घातला. माझ्या मुलीचा फोटो, शाळेच्या गणवेशातला. मी उठून मागच्या अंगणात गेलो. ती मागोमाग आली आणि म्हणाली, ‘बाबा, मी आहे ना इथे.’

पद्मिनी नंतर म्हणाली, ‘गेलेल्या माणसासाठी तू जिवंत बहिणीशी इतकी वर्षं बोलला नाहीस.’ ती काय म्हणाली ते लिहिलं. माझं काय ते समोरासमोर.

यतीनचं मला ठाऊक होतं. गेल्या वर्षी चुलतभावाने सांगितलं, ऑपरेशनचंही त्यानेच. ऑपरेशनच्या दिवशी फोन हातात घेतला होता. नऊ वर्षांनी काय म्हणून सुरुवात करायची ते कळेना, ठेवून दिला. तू इतके दिवस ही गोष्ट लपवण्यात घालवलीस आणि मला ती माहीतच होती. आपण दोघंही मूर्ख आहोत.

आता मुद्द्याचं. आश्लेषा बरी नाही. ताप वगैरे नाही. शूटिंग संपल्यापासून ती खोलीतून बाहेर पडत नाही. शाळेत जाते, येते, दार लावून घेते. केस विंचरत नाही. पद्मिनी हात लावायला गेली तर ‘राहू दे’ म्हणते. डॉक्टरांकडे नेलं, एका बाईंशी दर बुधवारी बोलते. तुझं पत्र आलं त्या रात्री ती खाली आली, ताट वाढून घेतलं आणि जेवता जेवता ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. मधेच थांबून पोळी मागितली.

तुझ्या व्हिसाचं आता काही नसेल तर ये. ऑगस्टमध्ये ये.

अरुण

ता. क. आत्या, सॉरी. मला माहीत नव्हतं. तुला न विचारता बाबाला वाचून दाखवलं, त्याचं पण सॉरी. ऑगस्टमध्ये इथे थंडी असते, जाड स्वेटर आण. माझ्या खोलीत झोपायचंस तू. आ.


रेडमंड
२२ सप्टेंबर २०२४

दादा,

नीट पोचले, हे मेसेजने कळवलंच होतं. तरी पत्र लिहिते आहे, कारण तुझ्यासमोर तीन आठवडे बसूनही आपण बोललो ते हवेबद्दल आणि भाजीबद्दल. समोरासमोर सांगीन असं तू लिहिलं होतंस. सांगितलं नाहीस. पण रोज सकाळी माझा चहा तू केलास, आणि आलं विचारून घातलंस. मी आणखी काही मागणार नाही.

एक गोष्ट तुला आश्लेषाने सांगितली नसेल. आम्ही दोघी त्या किनाऱ्यावर गेलो होतो, जिथे शूटिंग झालं. जायचं तिनेच ठरवलं, बुधवारच्या बाईंना विचारून. वारा असा की बोललेलं ऐकू येईना. ती पाण्याच्या कडेला उभी होती, मी मागे, तिचे बूट हातात घेऊन. तेवढ्यात कुत्रा फिरवणारी एक म्हातारी बाई थबकली. आश्लेषाकडे नुसती बघत राहिली. मग जवळ येऊन तिने आश्लेषाचा चेहराच हातात धरला आणि म्हणाली, ‘आय क्राइड फॉर यू, लव्ह. आय क्राइड फॉर अ वीक.’ आणि पोरीला मिठी मारून रडायला लागली.

आश्लेषा काठीसारखी उभी होती. मला वाटलं, आता ही पुन्हा खोलीत जाऊन बसणार. पण हळूहळू तिने त्या बाईच्या पाठीवर हात ठेवला आणि थोपटत म्हणाली, ‘इट्स ऑल राइट. आय गॉट आउट.’ बाई डोळे पुसत निघाली, ‘बाय, जया’ म्हणाली. मला काय झालं कोण जाणे, मी मागून ओरडले, ‘हर नेम इज आश्लेषा!’ बाई वळली. तिने नाव म्हणायचा प्रयत्न केला, तिला जमेना. आश्लेषाने तिला ते तीनदा म्हणायला लावलं. शेवटी बरं जमलं. परतताना गाडीत ती मला म्हणाली, ‘आत्या, माझे केस विंचरशील? खूप गुंता झालाय.’ पार्किंगमध्ये बसूनच विंचरले. बराच वेळ लागला. ती ‘आई ग’ म्हणत होती, पण उठली नाही.

आपल्या आईची वेणी मी कधीच घातली नाही, दादा. तिने कधी घालू दिली नाही, तिला माझ्या हाताची घाई आवडायची नाही. तू शेजारणीचं मनाला लावून घेऊ नकोस. मी आले असते तरी ती वाकडीच आली असती.

आश्लेषा डिसेंबरमध्ये परीक्षा संपली की इथे येणार आहे. सहा आठवडे. त्या रिकाम्या खोलीत पलंग लावला. पलंग जोडायला अस्मिता आली होती. काम करता करता तिने विचारलं, ‘यतीन नाही का मदतीला?’ मी सांगून टाकलं. ती स्क्रू हातात धरून बसली आणि म्हणाली, ‘शुभा, आम्हा सगळ्यांना वर्षभर माहीत आहे. तू सांगशील म्हणून थांबलो होतो.’ म्हणजे इथेही तेच. मला आधी लाज वाटली, मग हसू आलं, मग बरंच रडू आलं. तिने पलंग एकटीने जोडला.

डिसेंबरला अजून अवकाश आहे. घर तसंच आहे. पाऊस सुरू झाला. मीटिंगा संपल्या की संध्याकाळ मोठी वाटते, आणि तुमच्याकडून आल्यावर ती आणखी मोठी वाटते, हे खोटं कशाला सांगू? तिथे खालून पद्मिनीच्या चाव्यांचा आवाज यायचा, तू नळ नीट बंद केला नाहीस म्हणून आश्लेषा ओरडायची. इथे नळ मीच उघडते आणि मीच बंद करते. मालिका बघणं सोडून दिलं आहे. पहिले काही दिवस हात रिमोटकडे जायचा, आता रेडिओ लावते.

विमानतळावर तू माझी बॅग उचललीस आणि म्हणालास, ‘पोचलीस की कळव.’ त्यापुढे तू काहीतरी बोलणार होतास. तेवढ्यात मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली आणि तुला गाडी काढावी लागली. ते काय होतं ते फोन करून सांग. काही नव्हतं तर तसं सांग. तुझी रविवारची सकाळ म्हणजे माझी शनिवारची दुपार. शनिवारी मी घरीच असते.

शुभा